छोट्या पडद्याची वर्गणी

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

'वर्गणी' या शब्दाचा अर्थ मराठी माणसाला कोणी शिकवावा लागत नाही. गणेशोत्सव, गावची जत्रा, तालीम, वाचनालय, हौशी नाट्यमंडळ, एखाद्या अडलेल्या कुटुंबाला मदत, या सर्व गोष्टी आपल्याकडे वर्गणीवर उभ्या राहिल्या. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली आणि मुंबईचे १८९८ साली स्थापन झाले. अशा संस्थांना पिढ्यानुपिढ्या आधार मिळाला तो वर्षाकाठी पावती फाडणाऱ्या सभासदांचा. मुंबईत १९६८ साली 'प्रभात चित्र मंडळ' निघाले तेही याच तत्त्वावर. जो चित्रपट नेहमीच्या चित्रपटगृहात लागणार नाही, तो आपण दहाजणांनी मिळून पैसे घालून पाहावा, ही त्यामागची साधी कल्पना.

वर्गणी म्हणजे नुसते पैसे नव्हेत. वर्गणी देणाऱ्याला तीन गोष्टी मिळतात. पहिली, ज्या कामासाठी पैसे दिले ते काम त्याचेही होते. दुसरी, त्याला हिशेब मागता येतो. मंडळाच्या फलकावर जमाखर्च लागला नाही तर गल्लीतला लहान मुलगादेखील विचारतो, "पैसे गेले कोठे?" तिसरी, सर्वसाधारण सभेत उभे राहून बोलता येते. वाचनालयात अमुक पुस्तक नाही अशी तक्रार सभासद करतो, तेव्हा ग्रंथपालाला ती निदान ऐकून घ्यावी लागते. भाड्याचे तसे नसते. भाडे दिले की तेवढ्यापुरती वस्तू वापरावयास मिळते, आणि देणे थांबले की संबंध संपतो.

हे सर्व आठवण्याचे कारण असे की, आज आपल्या बहुतेक घरांतून दरमहा आणखी एक वर्गणी जाते. ती केबलवाल्याला जाते, डिशच्या कंपनीला जाते, किंवा मोबाईलवरून परस्पर कापली जाते. इंग्रजीत तिला 'सबस्क्रिप्शन' म्हणतात आणि तो शब्द वाचनालयालाही चालतो. परंतु टी.व्ही.ची ही वर्गणी खरोखर वर्गणी आहे की नुसते भाडे, हा प्रश्न आपण कधी विचारला नाही. तो विचारावा, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम मूळ कल्पना पाहू. टी.व्ही.वरील कार्यक्रमांचा खर्च भागवण्याचे जगात मुख्यतः तीन मार्ग आहेत. एक, सरकारने किंवा कायद्याने ठरवलेल्या शुल्कातून तो करावा. ब्रिटनमध्ये टी.व्ही. पाहणारे घर आजही परवाना शुल्क भरते आणि मुख्यतः त्यावर बीबीसी चालते. तिच्या देशांतर्गत वाहिन्यांवर व्यापारी जाहिराती नसतात. आपल्याकडेही एके काळी रेडिओ आणि टी.व्ही.चा परवाना पोस्टात जाऊन घ्यावा लागत असे; १९८०च्या दशकात तो रद्द झाला. दुसरा मार्ग जाहिरातदाराचा. दूरदर्शनवर जाहिराती १९७६ साली सुरू झाल्या. तिसरा मार्ग प्रेक्षकाने स्वतः पैसे मोजण्याचा.

हा तिसरा मार्ग दिसतो तितका साधा नाही. त्यामागे एक तत्त्व आहे. जाहिरातदार पैसे देतो तेव्हा त्याला हवी असते गर्दी. कार्यक्रम हा गर्दी जमवण्याचा उपाय आणि प्रेक्षक हा विकावयाचा माल, असा तो व्यवहार असतो. उलट प्रेक्षक स्वतः पैसे देऊ लागला, की वाहिनीला त्याच्याकडे माणूस म्हणून पाहावे लागेल, थोड्यांना आवडणारे कार्यक्रमही जगतील आणि जाहिरातींचा व्यत्यय टळेल, अशी अपेक्षा होती. अमेरिकेत नोव्हेंबर १९७२ मध्ये एचबीओ ही वाहिनी पेनसिल्व्हेनिया राज्यातील विल्क्स-बॅरे या शहरी अवघ्या काहीशे घरांसाठी सुरू झाली ती याच आश्वासनावर : पैसे द्या, आणि जाहिरातींविना चित्रपट व खेळ पाहा. योगायोग असा की त्याच वर्षी २ ऑक्टोबरला आपल्याकडे दूरदर्शनचे मुंबई केंद्र सुरू झाले. एकीकडे वर्गणीदारांचा टी.व्ही. आणि दुसरीकडे सर्वांचा टी.व्ही., असे दोन प्रयोग जणू हातात हात घालून जन्माला आले.

दुसऱ्या प्रयोगाने आपल्याला काय दिले, हे आपले प्राध्यापक अधिक चांगले सांगू शकतील. 'गजरा', 'प्रतिभा आणि प्रतिमा', 'ज्ञानदीप', 'आमची माती आमची माणसं', 'चिमणराव' ही नावे त्यांच्या पिढीच्या ओठांवर आहेत. त्या कार्यक्रमांना कोणी वर्गणीदार नव्हता; तरी शेतकरी, गृहिणी, साहित्यिक, विद्यार्थी अशा प्रत्येकाची त्यात कोठेतरी दखल होती. दूरदर्शनचे दोषही होते. सरकारची सावली तर सदैव होती. परंतु पैसे कमी म्हणून एखाद्या घरासाठी पडदा काळा होत नव्हता. टी.व्ही. ज्या शेजाऱ्याकडे असेल त्याच्या ओटीवर गल्ली जमत असे.

वर्गणीचा टी.व्ही. आपल्याकडे आला तो मात्र तत्त्व म्हणून नव्हे, तर तार म्हणून. १९९१ साली आखाती युद्धाच्या बातम्यांनी परदेशी उपग्रह वाहिन्यांची ओढ लावली, त्याच वर्षी स्टार टी.व्ही. आला, १९९२ साली झी टी.व्ही. आला. उत्साही तरुणांनी गच्चीवर मोठी तबकडी बसवून इमारतीमागून इमारतीवर केबल टाकली. कायदा मागाहून आला, १९९५ साली. त्या काळी सर्व वाहिन्या एकाच तारेतून एकत्र येत आणि महिन्याला एक ठोक रक्कम द्यावी लागे. कोणी काय पाहिले याचा पत्ता कोणालाच नव्हता. किती घरांत जोडणी आहे, याबद्दल केबलवाला आणि वाहिनी यांचे एकमत होत नसे, आणि दोघांच्या भांडणात ग्राहकाची वाहिनी बंद पडे.

यावर उपाय निघाला तो सेट-टॉप बॉक्सचा. त्याचे कार्य समजून घेण्यासारखे आहे. वाहिनीचा संकेत गूढ लिपीत रूपांतरित करून पाठवला जातो. घरातील पेटीला स्वतःचा क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकाला ज्या वाहिन्यांची परवानगी असेल तेवढ्याच ती उलगडून दाखवते. म्हणजे प्रत्येक घरासाठी प्रत्येक वाहिनीची वेगळी किल्ली तयार झाली. ही पद्धत प्रथम २००३ साली चेन्नईत लागू झाली. २००६ अखेर मुंबई, दिल्ली व कोलकाता यांच्या काही भागांत आली. दरम्यान थेट डिशवरून घरात येणारी सेवा सुरू झाली होती. २०१२ पासून टप्प्याटप्प्याने साऱ्या देशाची केबल डिजिटल करण्यात आली. किल्ली तयार झाली, तेव्हा आपण फक्त हव्या त्या वाहिनीचे पैसे देऊ, असे सर्वांना वाटले. ते वाटणे रास्त होते.

१ फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, हा अधिकार कागदावर दिलाही. प्रत्येक सशुल्क वाहिनीचा स्वतंत्र कमाल दर जाहीर झाला. पहिल्या १०० साध्या वाहिन्या घरापर्यंत आणून देण्याचा आकार जास्तीत जास्त १३० रुपये ठरला. १८ टक्के कर धरला तर तो १५३ रुपये ४० पैसे होतो. सशुल्क वाहिन्यांचे दर त्यावर वेगळे. समजा एखाद्या घराने प्रत्येकी १९ रुपयांच्या पाच वाहिन्या घेतल्या, तर ९५ रुपये वाढून करासह बिल २६५ रुपये ५० पैसे होते. हिशेब इतका सरळ आहे की आठवीतला विद्यार्थीही तो करील.

मग अडचण कोठे आली? ती आली 'पॅक'मध्ये. वाहिन्यांच्या मालकांनी एक लोकप्रिय वाहिनी आणि तिच्यामागे दहा न पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्या बांधून गठ्ठा तयार केला, आणि गठ्ठ्याची किंमत अशी ठेवली की सुटी वाहिनी घेणे मूर्खपणाचे वाटावे. भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट दिली तर आपण आनंदाने घेतो. पण कोथिंबिरीसाठी तीन किलो दुधी भोपळा घेण्याची सक्ती केली तर घेऊ काय? टी.व्ही.च्या बाबतीत आपण तो भोपळा निमूटपणे घेतो. गठ्ठ्यात घालावयाच्या वाहिनीची कमाल किंमत २०१९ मध्ये १९ रुपये होती, २०२० मध्ये ती १२ रुपयांवर आणण्याचे ठरले, वाहिन्या न्यायालयात गेल्या, आणि २०२२ मध्ये ती पुन्हा १९ रुपये झाली. पुढे जुलै २०२४ मध्ये घरापर्यंत आणून देण्याच्या आकाराची कमाल मर्यादाही काढून तो वितरकांवर सोडण्यात आला. या सर्व घडामोडींत पैसे भरणारे कोट्यवधी लोक कोठे होते? वाहिन्यांची संघटना होती, वितरकांची होती, केबलचालकांची होती. वर्गणीदारांचा आवाज मात्र त्यांच्या मानाने फारच क्षीण होता.

आणि जाहिराती? त्या गेल्या नाहीत. नियमाप्रमाणे तासाला १२ मिनिटांहून अधिक जाहिराती दाखवावयाच्या नाहीत. म्हणजे नियम पूर्णपणे पाळला तरी तासाचा पाचवा हिस्सा जाहिरातदाराचा. वर्गणी दिली तरी आपण विकावयाचा माल राहिलोच. फरक एवढाच की आता या मालाने बाजारात येण्याचे भाडेही स्वतःच भरले. मोबाईलवरील आणि इंटरनेटवरील सेवांनी सुरुवातीला याबाबत आशा दाखवली होती. परंतु जून २०२५ पासून ॲमेझॉन प्राइम व्हिडिओने भारतात वर्गणीदारांनाही जाहिराती दाखवण्यास प्रारंभ केला, आणि त्या नको असतील तर आणखी पैसे मागितले. १९७२ साली जे आश्वासन वर्गणीच्या मोबदल्यात मिळत होते, ते आता वर्गणीवर वेगळी वर्गणी भरून विकत घ्यावे लागते.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते : "हा बाजार आहे. परवडत नसेल तर घेऊ नका." हे उत्तर अगदीच टाकाऊ नाही. टी.व्ही. हे अन्न नव्हे. शिवाय गठ्ठ्याच्या बाजूनेही एक मुद्दा आहे, तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. प्रत्येकाने फक्त स्वतःच्या आवडीची वाहिनी घेतली, तर जी वाहिनी थोडेच लोक पाहतात ती टिकणार कशी? मोठ्या भावाच्या खांद्यावर बसून धाकट्याने जत्रा पाहावी, तशा काही चांगल्या वाहिन्या गठ्ठ्यामुळेच जगतात. मराठीसारख्या भाषेला याचा उपयोगही होऊ शकतो. वाचनालयात तरी दुसरे काय असते? कादंबऱ्या वाचणाऱ्यांच्या वर्गणीतूनच तत्त्वज्ञानाचे ग्रंथ घेतले जातात.

पण वाचनालयात कोणता ग्रंथ घ्यावा हे ठरवणारी समिती सभासदांनी निवडलेली असते. येथे गठ्ठा बांधणारा आणि त्यातून पैसे मिळवणारा एकच. म्हणून माझा आक्षेप एकत्र पैसे घालण्याला नाही. एकत्र पैसे घालून कोणालाच काही विचारता येत नाही, याला आहे.

'घेऊ नका' या उत्तराला दुसरीही मर्यादा आहे. काही गोष्टी कोणा एकाच्या मालकीच्या नसतात. सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेटच्या प्रक्षेपणासंबंधीच्या खटल्यात निकाल दिला की हवेतील लहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे. त्या तत्त्वाच्या जवळ जाणारा कायदा २००७ साली झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे थेट प्रक्षेपण हक्कधारक वाहिनीने प्रसार भारतीला दिलेच पाहिजे, असे त्याने ठरवले. पुढे २०१७ साली न्यायालयाने स्पष्ट केले की हे प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरील केंद्रांतून व मोफत डिशवरून दाखवता येईल, खाजगी केबलवरून नाही. म्हणजे ज्याच्या छपरावर दूरदर्शनची मोफत डिश आहे, त्याला तो सामना दिसतो; आणि जो केबलवाल्याला दरमहा पैसे देतो, त्याला तोच सामना पाहण्यासाठी हक्कधारक वाहिनीचे वेगळे पैसे मोजावे लागतात.

या मोफत डिशचा उल्लेख आपल्या सुशिक्षित घरांत थोडा कमीपणाने होतो. २००४ साली सुरू झालेल्या या सेवेला एकदा डिश व पेटी घेतली की मासिक शुल्क नाही. आज ४ कोटींहून अधिक घरांत ती आहे. ज्यांना दरमहा दोनशे-तीनशे रुपये जड जातात, त्यांच्यासाठी ती टी.व्ही.ची सार्वजनिक वाट आहे. आपल्या वर्गातही असे विद्यार्थी आहेत की ज्यांच्या घरी टी.व्ही.चे बिल, एस.टी.चा पास आणि परीक्षेची फी एकाच पाकिटातून निघते. त्यांना 'परवडत नसेल तर घेऊ नका' असे सांगणे सोपे आहे. परंतु भाषेतील चांगले नाटक, चांगला चित्रपट, देशाचा सामना हे सारे हळूहळू किल्लीच्या पलीकडे गेले, तर एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांचे सांस्कृतिक जग वेगळे होईल. माझ्या मते या विषयातील खरा प्रश्न हाच आहे. बिल दहा रुपयांनी कमी होते की वाढते, हा त्यापुढे लहान प्रश्न आहे.

आता उपयोगाचे बोलू. नुसती टीका करून पान भरणे हे आपल्या अंकातील लेखांचे जुने दुखणे आहे.

पहिली गोष्ट घरातली. प्रत्येक वितरकाला वाहिन्यांचे सुटे दर ग्राहकाला दाखवावे लागतात. एका रविवारी सर्वांनी बसून ती यादी वाचावी आणि गेल्या महिन्यात खरोखर काय पाहिले ते प्रत्येकाने सांगावे. बहुतेक घरांत ही यादी बोटांवर मोजता येईल. मात्र ही निवड रिमोट ज्याच्या हातात असतो त्याने एकट्याने करू नये. आई रात्रीची भांडी घासताना कानाने जी मालिका ऐकते आणि आजी दुपारी जे कीर्तन लावते, त्यांचा वाटा प्रथम धरावा. कमावणारा वर्गणी भरतो म्हणून निवडही त्याचीच, हा न्याय केबल कंपनीचा झाला, घराचा नव्हे.

दुसरी गोष्ट मोबाईलवरील सेवांची. त्यांचे सर्व यश आपल्या विसराळूपणावर आहे. एकदा परवानगी दिली की पैसे परस्पर जात राहतात. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमाने अशी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते. ती सूचना आपण वाचतच नाही. वाचा, आणि परीक्षेच्या महिन्यात सेवा बंद ठेवा. कोणी रागावत नाही. जगातील उत्तमोत्तम चित्रपट या सेवांवर आहेत, हे मी नाकारत नाही. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने ते पाहावेतच. पण एक महिना घ्यावा, ठरवून पाहावे आणि सोडावे. तेथील चित्रपट आपल्या मालकीचा नसतो. हक्काची मुदत संपली की तो एके रात्री नाहीसा होतो. ग्रंथालयाच्या कपाटातील पुस्तक असे नाहीसे होत नाही. नेलेच कोणी, तर निदान त्याचे नाव नोंदवहीत असते!

तिसरी गोष्ट महाविद्यालयाची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. घरगुती वर्गणीवर घेतलेला चित्रपट सभागृहात दाखवता येत नाही. तशी त्या सेवांची अटच असते. म्हणून आपल्या वाङ्मय मंडळाने रीतसर चित्रपट मंडळ काढावे. सभासदांकडून वर्षाला अल्प वर्गणी घ्यावी, प्रदर्शनाचे हक्क रीतसर मिळवावेत, महिन्याला एक चित्रपट दाखवावा, त्यावर चर्चा करावी आणि वर्षअखेरीस जमाखर्च फलकावर लावावा. पुण्यात १९६४ सालापासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. महाराष्ट्रात राहून आपण त्याची वाटही न पाहणे बरे नव्हे. ज्याच्या घरी केबल नाही आणि ज्याच्या हातात नवा मोबाईल नाही, असा विद्यार्थीही तेथे पुढच्या रांगेत बसू शकेल आणि चित्रपट आवडला नाही तर उठून तसे सांगू शकेल.

चौथी गोष्ट नागरिकाची. 'ट्राय' कोणताही दर बदलण्यापूर्वी आपला प्रस्ताव लोकांपुढे ठेवते आणि त्यावर कोणालाही लेखी मत पाठवता येते. कंपन्या शंभर पानांची उत्तरे पाठवतात. अर्थशास्त्राचा एक वर्ग मिळून चार पानांचे उत्तर पाठवू शकत नाही काय? आपल्या तालुक्यातील पन्नास घरांचे बिल, त्यांनी मागितलेल्या वाहिन्या आणि त्यांच्या गळ्यात पडलेल्या वाहिन्या एवढे जरी आपण नीट मांडले, तरी ते कोणत्याही पाठ्यपुस्तकातील प्रकल्पाहून अधिक मोलाचे होईल. आपल्या प्राध्यापकांनी हा उपक्रम पुढील वर्षी हाती घ्यावा, अशी माझी विनंती आहे. पन्नास घरे हिंडण्याची जबाबदारी आम्ही विद्यार्थी आनंदाने घेऊ.

सारांश, पैसे देऊन टी.व्ही. पाहण्यात गैर काही नाही. चांगल्या कार्यक्रमाला पैसे लागतात आणि ते कोणीतरी दिलेच पाहिजेत. जाहिरातदाराने देण्यापेक्षा प्रेक्षकाने दिलेले बरे, हे तत्त्व मला आजही मान्य आहे. फक्त ते पैसे वर्गणी म्हणून घेतले जात असतील, तर वर्गणीदाराचे मानही त्याबरोबर आले पाहिजेत : काय घ्यावयाचे ते सुटे निवडण्याचा हक्क, पैसे कोठे गेले याचा हिशेब, आणि बोलावयास जागा. गणपतीच्या मंडळाकडून आपण हे मागतो. त्याहून कितीतरी अधिक पैसे दरमहा नेणाऱ्याकडून ते मागावयास आपण इतके का कचरतो?